अ‍ॅपची परीक्षा मुलाच्या चुकीपाशी घ्या

पत्र : "मी नागपुरातल्या एका अनुदानित मराठी शाळेत पाचवी ते सातवीला इंग्रजी शिकवते. मध्यंतरी एका कंपनीचे लोक इंग्रजी शिकवणारं अ‍ॅप दाखवून गेले. मुलामागे वर्षाला ९०० रुपये, आणि आमची मुलं १६०. माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून संस्थेने पैसे बाजूला ठेवले आहेत. मुख्याध्यापक म्हणाले, 'मॅडम, तुम्ही बघा आणि शाळा उघडायच्या आत सांगा, घ्यायचं की नाही.' दाखवलं तेव्हा सगळंच छान वाटलं. घरी आल्यावर मात्र छान म्हणजे नेमकं काय, ते सांगता येईना. नेटवर फुकटच्याही कितीतरी साइट आहेत. यातलं चांगलं-वाईट ओळखायचं कसं? मी काही संगणकवाली नाही. आणखी एक घरचा प्रश्न. माझी भाची नर्स आहे, जर्मनीला जायचं म्हणून मोबाइलवर जर्मन शिकते. रोज तासभर बसते. एवढ्यावर होईल का?"
— एक शिक्षिका, नागपूर

ताई, नमस्कार.

या कामात संगणकवाल्याची गरज फार थोडी आहे. अ‍ॅप उघडतं की नाही, अडकतं की नाही, हे कोणीही पाच मिनिटांत सांगेल. त्यातून मूल इंग्रजी शिकेल का, हे मात्र रोज वर्गात उभं राहून इंग्रजी शिकवणारं माणूसच सांगू शकतं. मुख्याध्यापकांनी हे काम योग्य माणसाकडे दिलं आहे.

दाखवलं तेव्हा सगळं छान वाटलं, कारण दाखवणाऱ्याने एकही उत्तर चुकवलं नसणार. तो टॅब हातात घेतो, पटापट बरोबर उत्तरं देतो, चांदण्या पडतात, टाळ्या वाजतात, पुढचा टप्पा उघडतो. बरोबर उत्तराला शाबासकी देणं कुठल्याही अ‍ॅपला जमतं. तुमच्या वर्गातली मुलं चुकणार आहेत, आणि शिक्षकाचं खरं काम तिथूनच सुरू होतं. भेंडी घेताना आपण टोक मोडून बघतो ना, तसं अ‍ॅप चुकीपाशी मोडून बघायचं. मूल चुकल्यावर पुढच्या अर्ध्या मिनिटात ते काय करतं, हा माझ्या लेखी पहिला आणि सगळ्यांत मोठा निकष आहे. बाकीचे त्याच्यामागून येतात.

कसं बघायचं ते सांगते. मुलांच्या वह्यांतून एक नेहमीची चूक उचला. बहुतेक वर्गांत सापडते ती ही : 'येस्टरडे आय गो टू मार्केट.' मुलाचा हिशेब सरळ असतो. 'येस्टरडे' म्हटलं की काल झालं हे सांगून झालं, मग क्रियापद कशाला बदलायचं? त्यात वेडगळ काही नाही. चिनी भाषेत क्रियापद काळाप्रमाणे बदलतच नाही. आता अ‍ॅपमध्ये भूतकाळाचा धडा उघडा आणि मुद्दाम 'गो' हेच उत्तर द्या. एका प्रकारचं अ‍ॅप लाल फुली मारेल, खाली 'वेन्ट' लिहील आणि 'पुढे' असं बटण देईल. मूल त्या 'वेन्ट'कडे न बघता 'पुढे' दाबतं. थोड्या वेळाने तेच वाक्य परत येतं, मघाशी कुठलं हिरवं झालं होतं ते आठवतं, ते दाबतं, गुण मिळतात. भूतकाळ जिथल्या तिथे. दुसऱ्या प्रकारचं अ‍ॅप उत्तर लगेच सांगत नाही. 'येस्टरडे' हा शब्द ठळक करतं, ही गोष्ट कधीची असं विचारतं आणि आणखी एक संधी देतं. तरीही चुकलं तर मग उत्तर दाखवतं, आणि दोन दिवसांनी 'लास्ट संडे वी ___ टू रामटेक' असं नवंच वाक्य समोर ठेवतं. जाहिरातीत दोघांच्याही नावापुढे 'चुकीची तत्काळ दुरुस्ती' असंच छापलेलं असतं. हा फरक स्वतः चुकून बघितल्याशिवाय दिसत नाही.

माणसांच्या वर्गात या फरकाचा अभ्यास झालेला आहे. रॉय लिस्टर आणि लीला रान्टा या दोघांनी १९९७ मध्ये कॅनडातल्या माँट्रियल भागातल्या वर्गांची निरीक्षणं मांडली. तिथे मुलं फ्रेंच माध्यमातून शिकत होती आणि फ्रेंच ही त्यांची दुसरी भाषा होती. मूल चुकलं की शिक्षक निम्म्याहून अधिक वेळा तेच वाक्य स्वतः बरोबर करून म्हणून दाखवत. पद्धत मायेची, पण मुलांनी त्यावर काही प्रतिसाद देण्याचं प्रमाण याच पद्धतीत सगळ्यांत कमी निघालं. जिथे शिक्षकाने उत्तर हातात दिलं नाही, खुणावलं, विचारलं, 'परत सांग बरं' म्हटलं, तिथे मुलांनी आपलं वाक्य आपण दुरुस्त केलं. अभ्यास शिक्षकांचा होता, अ‍ॅपचा नव्हे. तरी यंत्राकडून काय मागायचं, ते यातून स्पष्ट होतं.

चूक परत कधी विचारली जाते, तेही बघा. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून विसरण्याचा वेग मोजला आणि १८८५ मध्ये तो प्रसिद्ध केला : शिकलेलं सुरुवातीला भराभर निसटतं, नंतर सावकाश. त्यामुळे उजळणी वाढत्या अंतराने व्हावी लागते. आज, मग परवा, मग आठवड्याने. अ‍ॅप हे हिशेब माणसापेक्षा चांगले ठेवू शकतं, आणि ठेवत असेल तर तो त्याचा खरा गुण. सोमवारी मुद्दाम पाच शब्द चुकवून ठेवा आणि गुरुवारी परत उघडा. ते पाच शब्द समोर आले तर ठीक. आले नाहीत तर ते अ‍ॅप नुसतं पुढेपुढे पळतं आहे.

हेच काम पुठ्ठ्याच्या खोक्यातही होतं. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७० च्या दशकात ही पद्धत लोकांपुढे आणली. खोक्याला पाच कप्पे करायचे. शब्दांच्या चिठ्ठ्या पहिल्या कप्प्यात. आला तो शब्द पुढच्या कप्प्यात जातो, अडला तो परत पहिल्यात येतो. पहिला कप्पा रोज बघायचा, मागचे जास्त जास्त अंतराने. पाचवीची मुलं ही खोकी स्वतः करतात आणि जपतात. अ‍ॅप घेतलं तरी हे वर्गात ठेवा, असं मला मनापासून वाटतं.

यानंतर बघा की मुलाला स्वतःचं म्हणून काही लिहावं-बोलावं लागतं का. अनेक अ‍ॅप सुरुवातीपासून शेवटपर्यंत चार पर्यायांतून एक निवडायला लावतात. त्यासाठी एक सोपी तपासणी आहे. आवाज बंद करा, प्रश्न झाका आणि नुसत्या पर्यायांवरून दहा उत्तरं द्या. सहा-सात बरोबर आली, तर मूल इंग्रजी न वाचताच पुढे जाणार. आपली पोट्टी अशा वाटा आपल्याआधी शोधून काढतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. मग दहा मिनिटं घड्याळ लावून बसा आणि मोजा : या वेळात मुलाने स्वतःच्या मनाने किती वाक्यं केली? शब्दांचे ठोकळे ओढून लावणं म्हणजे अर्धं वाक्य धरा. माझा भाऊ काय करतो, आज डब्यात काय होतं, असं काही सांगायची जागाच नसेल, तर ते शब्दांच्या सरावाचं साधन आहे. त्याची किंमतही तेवढीच द्यावी.

बोलण्याच्या सरावावर विक्रेते सगळ्यांत जास्त भर देतात. मूल बोलतं, पडद्यावर शब्द हिरवे-लाल होतात, शेकडा गुण दिसतात. इथे दोनदा तपासा. आधी तुमच्या रोजच्या बोलण्यात, उसना उच्चार न आणता, एक वाक्य अगदी बरोबर वाचा. त्यातले शब्द लाल झाले, तर तुमच्या मुलांच्या चांगल्या इंग्रजीलाही ते अ‍ॅप नापास करेल आणि बोलायला मुळातच लाजणारं मूल गप्प होईल. मग मुद्दाम चुकीचं वाचा : 'ही लाइक्स मँगोज'च्या जागी 'ही लाइक मँगोज'. पुष्कळदा हे हिरवं होऊन निघून जातं. त्याला कारण आहे. आवाज ओळखणारी यंत्रणा कानावर पडलेल्या ध्वनीबरोबर तिथे कोणता शब्द असण्याची शक्यता जास्त आहे, याचाही अंदाज बांधते. मुलाने गाळलेला 'स' ती स्वतःच भरून घेऊ शकते. ज्या चुकीसाठी तुम्ही वर्षभर घसा कोरडा करता, तीच यंत्राला ऐकू आली नाही, तर तिथले शंभरपैकी ९२ गुण निरुपयोगी आहेत.

ही तपासणी घरच्या शांततेत करून थांबू नका. संगणक कक्षात डोक्यावर पंखे गरगरत असताना आणि शेजारी वीस मुलं एकदम बोलत असताना करा. गूगलने २०१९ मध्ये भारतात 'बोलो' नावाचं अ‍ॅप आणलं. पुढे त्याचं नाव 'रीड अलाँग' झालं आणि त्यात मराठीही आली. मूल मोठ्याने गोष्ट वाचतं आणि अडलं की ते शब्द म्हणून दाखवतं, एवढंच त्याचं काम. गोष्टी एकदा उतरवून घेतल्या की नेटशिवायही ते चालावं, अशी त्याची रचना होती. वाचनाचा सराव हे काम मर्यादित, पण नीट ठरवलेलं. तुमच्यापुढे आलेल्या कंपनीलाही विचारा की तुमचं अ‍ॅप नेमकं कोणतं एक काम चांगलं करतं. ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं, व्याकरण, मुलाखतीची तयारी असं सगळं एका दमात सांगणाऱ्याला प्रत्येकाचा एकेक धडा उघडून दाखवायला लावा.

आता बहुतेक ठिकाणी 'एआय शिक्षक' जोडलेला असतो. त्याला चुकीची वाक्यं तर द्याच, पण बरोबर वाक्यंही द्या. 'माय ग्रँडमदर मेक्स पापड एव्हरी समर' असं निर्दोष वाक्य लिहा आणि विचारा, 'यात चूक कुठे आहे?' चांगलं साधन म्हणेल की वाक्य बरोबर आहे. कच्चं साधन तुमच्या प्रश्नाचा मान राखायला म्हणून एखादी चूक शोधून काढेल आणि ती ठामपणे पटवूनही देईल. मोठं माणूस अशा वेळी शंका घेतं, सहावीतलं मूल आपलं बरोबर वाक्य खोडतं. शिवाय चॅटजीपीटीच्या कंपनीच्या अटींप्रमाणे १३ वर्षांखालच्या मुलांनी ते वापरायचं नाही, आणि १८ पर्यंत पालकांची परवानगी लागते. तुमची पाचवी-सहावीची मुलं त्याच वयातली आहेत. अ‍ॅपच्या पोटात असं कुठलं इंजिन बसवलं आहे आणि लहान मुलांसाठी त्याला काय बंधनं घातली आहेत, हे लेखी मागा.

'आमचं अ‍ॅप मराठीतून समजावतं' असं सांगितलं असेल, तर त्यातली दहा स्पष्टीकरणं मोठ्याने वाचून बघा. यंत्राने केलेलं भाषांतर कानाला लगेच कळतं. 'रन अ शॉप'चा अर्थ 'दुकान धावणे' असा निघाला, की पुढचं फार बघायला नको. नागपुरात आणखी एक गोष्ट आहे. आपलं मूल घरी मराठी बोलतं, गल्लीत हिंदी आणि बर्डीच्या बाजारात दोन्ही. त्यामुळे हिंदीतून समजावणारं साधनही बहुतेकांना चालून जाईल, फक्त ती हिंदी पुस्तकी किती आहे ते बघा. चित्रांतला बर्फ आणि परदेशी फळं याची मला फार काळजी वाटत नाही. मुलं ते चटकन स्वीकारतात.

अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठाच्या कॅरोल शॅपेल यांनी २००१ मध्ये अशा साधनांसाठी सहा निकष मांडले, ते अभ्यासक आजही वापरतात. भाषा शिकण्याची खरी संधी मिळते का, शिकणाऱ्याच्या पातळीशी ते जुळतं का, अर्थाकडे लक्ष जातं का, बाहेरच्या जगातल्या भाषेशी नातं आहे का, वापराचा एकूण परिणाम चांगला होतो का, आणि आपल्या परिस्थितीत ते चालवता येतं का. वर बोललो ते बरंचसं पहिल्या निकषाचं. तुमच्या शाळेत घोडं अडेल ते दुसऱ्यावर आणि शेवटच्यावर.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे. म्हणजे तुमच्याकडे पाचवीत येणारं मूल कागदोपत्री चार वर्षं इंग्रजी शिकून आलेलं असतं. प्रत्यक्षात त्याच बाकावर अजून अक्षरं जुळवणारं एक असतं आणि गोष्टीचं पुस्तक वाचणारं एक असतं. अ‍ॅप दोघांना एकाच धड्यावर बसवतं का? सुरुवातीला चाचणी घेऊन पातळी ठरवत असेल, तर ती चुकल्यास तुम्हाला बदलता येते का? आणि मी फार महत्त्वाचा मानते तो प्रश्न हा : बालभारतीच्या पुस्तकात तुम्ही या आठवड्यात जो धडा शिकवता आहात, त्याचे शब्द आणि वाक्यं त्यात घालता येतात का? घालता येत नसतील, तर पुस्तक एकीकडे आणि अ‍ॅप दुसरीकडे अशी वर्षभर ओढाताण होते आणि परीक्षा जवळ आली की अ‍ॅप बाजूला पडतं.

शिक्षकाला मिळणारा अहवालही उघडून बघा. कोणी किती मिनिटं बसलं, किती चांदण्या मिळवल्या, एवढंच असेल तर तो पालकसभेत दाखवायला बरा. अमुक मुलाला 'ही-शी'नंतरचा 'स' जमत नाही, अशी चूक नाव घेऊन सांगणारा अहवाल असेल, तर तुमचे वह्या तपासण्याचे तास वाचतील. असा अहवाल खरोखर मिळत असेल, तर बाकी थोडं कमी-जास्त मी चालवून घेईन.

आता कागद घ्या आणि मिनिटांचा हिशेब करा. तुमच्या शाळेचे आकडे मला माहीत नाहीत, म्हणून अंदाजाने धरते. आठवड्याला संगणकाची एक तासिका ३५ मिनिटांची. रांगेने जाणं, यंत्र सुरू करणं, नाव आणि पासवर्ड टाकणं यात आठ मिनिटं गेली, उरली २७. एका यंत्रावर दोन मुलं, म्हणजे एकाच्या वाट्याला साडेतेरा. सण, सहल, परीक्षा, स्नेहसंमेलन वजा करून वर्षाचे २८ आठवडे धरले, तर ३७८ मिनिटं होतात. सव्वासहा तास. ९०० रुपयांत मुलाला मिळणार आहेत ते एवढे. कंपनी म्हणेल, घरी रोज पंधरा मिनिटं करायचं आहे. मग विचारायचं की घरी फोन कोणाचा? वडील रात्री आठला कामावरून येतात तेव्हा फोन येतो, त्यावर दोन भावंडांचा हक्क, आणि तोवर डेटाही संपत आलेला. ज्या घरात स्वतंत्र फोन आहे त्या मुलाला अ‍ॅपचा लाभ होईल आणि ज्याला सगळ्यांत गरज आहे ते मागे राहील. म्हणून नेटशिवाय चालतं का, एका फोनवर दोन मुलांची खाती राहतात का, जुन्या साध्या फोनवर उघडतं का, हे तीन प्रश्न मी पैशाच्याही आधी विचारीन.

आपल्याकडे शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्राच्या नंतर, जूनच्या उत्तरार्धात उघडतात. तेवढा वेळ तुमच्या हाताशी आहे. कंपनीकडून दोन आठवड्यांचं चाचणी खातं मागा. न देणाऱ्याशी पुढे बोलायचं कारण नाही. भर दुपारी पारा ४५ च्या आसपास असताना मुलं घरातच असतात. गल्लीतली, नात्यातली चार-पाच जमवा, त्यात एक हुशार, एक कच्चं आणि एक उत्तरं ठोकून देणारं हवं. टॅब हातात द्या आणि तुम्ही मागे बसा. मदत करायची नाही, 'अगं तिथे दाब' म्हणायचं नाही. मूल कुठे थांबतं, कुठे कंटाळतं, कुठे न वाचता पुढे जातं, कुठे स्वतःशी शब्द पुटपुटतं, एवढं वहीत टिपा. ते पुटपुटणं फार मोलाचं आहे. ते दिसलं तर अ‍ॅपला त्याचे गुण द्या. आणि दुसऱ्या दिवशी टॅब बाजूला ठेवून, त्यातलेच शब्द वेगळ्या वाक्यांत घालून कागदावर छोटी चाचणी घ्या. पडद्यावर आलेलं कागदावर उतरलं का, हे यातून कळेल. विक्रेत्याच्या माहितीपत्रकापेक्षा या दोन पानांवर मुख्याध्यापकांचा विश्वास जास्त बसेल.

फुकटच्या साइटचं म्हणाल, तर त्यांची परीक्षाही याच चालीने. शिवाय साइट कोणी केली आहे, धडे लिहिणाऱ्याचं किंवा संस्थेचं नाव दिलं आहे का, शेवटची भर कधी पडली, हे बघा. उत्तरसूचीतली पाच उत्तरं चांगल्या शब्दकोशाशी ताडून पाहा; पाचांत एक चुकीचं निघालं तर ती साइट सोडा. 'डाउनलोड' लिहिलेलं मोठं हिरवं बटण बऱ्याचदा जाहिरातीचं असतं, मुलांच्या हातात अशी साइट देऊ नये. ब्रिटिश कौन्सिलच्या मुलांसाठीच्या पानांवर गोष्टी, गाणी, छापता येणारे सराव आहेत. बीबीसीचं 'लर्निंग इंग्लिश' तुमच्या सातवीलाही थोडं जड जाईल, पण तुमच्या स्वतःच्या तयारीसाठी उत्तम. शासनाच्या 'दीक्षा' या शिक्षणाच्या अ‍ॅपवर पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड स्कॅन करून धड्याशी जोडलेलं साहित्य मिळतं, त्याची प्रत एका धड्यापासून दुसऱ्या धड्यापर्यंत फार बदलते, म्हणून वर्गात लावण्याआधी बघून ठेवा.

या सगळ्यांत तुमच्या शाळेसाठी मी आधी नाव घेईन ते 'स्टोरीवीव्हर'चं. प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेने २०१५ मध्ये ही साइट सुरू केली. पातळीप्रमाणे लावलेल्या चित्रगोष्टी, त्यात मराठी आणि इंग्रजी भरपूर, आणि खुला परवाना असल्याने उतरवून घ्या, छापा, वाटा, स्वतः भाषांतर करा, सगळ्याला मुभा. एकच गोष्ट दोन्ही भाषांत छापून मुलांना दिली की ज्याच्या घरी फोन नाही, तेही मूल वाचतं. फुकटच्या गोष्टीवर सगळी मदार मात्र ठेवू नका. साइटवरचे खेळ ज्यावर चालत, त्या 'फ्लॅश'ला अडोबी कंपनीने ३१ डिसेंबर २०२० नंतर आधार देणं थांबवलं, तेव्हा भाषेचे असंख्य खेळ आणि सराव असलेल्या साइट निकामी झाल्या. आवडलेलं साहित्य, परवाना असेल तर, उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा.

माहितीच्या सुरक्षिततेबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण मुख्याध्यापकांना हे सांगाच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानलं आहे. मुलाची माहिती घेण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, आणि मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवायला मनाई आहे. बोलण्याच्या सरावात तर मुलांचा आवाज साठवला जातो. तो कुठे राहतो, किती दिवस, करार संपल्यावर पुसतात का, याची उत्तरं करारात लिहून घ्या. तोंडी आश्वासनावर सही करू नका.

आता पैशाचं. १६० मुलं गुणिले ९००, म्हणजे वर्षाला १ लाख ४४ हजार, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेवढेच. देणगी एकदाच मिळते, वर्गणी दरवर्षी द्यावी लागते. शंभर रुपयांचं एक धरलं, तर एवढ्यात १४४० गोष्टींची पुस्तकं येतात आणि ती शाळेत राहतात. माझं मत विचाराल, तर चाचणीत अ‍ॅप चुकीपाशी खरं उतरलं, तरी पहिल्या वर्षी एकाच इयत्तेसाठी, एका सत्रापुरतं घ्या. सहावीचा एक वर्ग अ‍ॅपसह आणि एक वर्ग अ‍ॅपशिवाय, दोघांची जूनमध्ये आणि दिवाळीआधी सारखीच तोंडी आणि लेखी चाचणी. उरलेल्या पैशांतून पुस्तकं आणि छपाई. कंपनी 'सगळ्या मुलांचं एकदम घेतलंत तरच हा दर' म्हणाली, तर म्हणू द्या. चाचणीत ते अ‍ॅप लाल फुली मारून पुढे जाणारं निघालं, तर मुख्याध्यापकांना स्वच्छ 'नको' सांगा आणि तुमच्या वहीतली ती पानं पुढे ठेवा.

भाचीबद्दल. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून हा प्रश्न घरोघरी आहे. युरोपात भाषेच्या ए-१ ते सी-२ अशा सहा पातळ्या मानतात; युरोप परिषदेने ती चौकट २००१ मध्ये आणली. जर्मनीत परिचारिका म्हणून पूर्ण मान्यता मिळवायला साधारणपणे बी-२, म्हणजे खालून चौथी पातळी, लागते. जर्मन शिकवणाऱ्या आणि तिच्या परीक्षा घेणाऱ्या गोएथे इन्स्टिट्यूटच्या हिशेबाने तिथवर पोचायला ४५ मिनिटांच्या ६०० ते ८०० तासिका लागतात. रोज तासभर नेमाने केलं, तरी दीड-दोन वर्षं धरून चाला, आणि तोही तास सगळा मोबाइलवरच्या खेळात गेला तर पुरणार नाही. 'आमच्या अ‍ॅपवर बी-१ पूर्ण करा' या वाक्याला स्वतःचं असं वजन नाही, कारण ते लेबल कोणीही लावू शकतो.

तिला दोन गोष्टी सांगा. डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेचा 'निकोस वेग' हा ए-१ ते बी-१ चा व्हिडिओ अभ्यासक्रम मोफत आहे आणि चांगला रचलेला आहे, तो पायासाठी धरावा. आणि गोएथेच्या संकेतस्थळावर परीक्षेच्या नमुना प्रश्नपत्रिका फुकट मिळतात. सध्या जी पातळी झाली असं अ‍ॅप म्हणतं, त्या पातळीची प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवायला सांगा. बी-२ ला वाचन, श्रवण, लेखन, संभाषण असे चार भाग असतात आणि प्रत्येकात शंभरपैकी ६० लागतात. वाचन-श्रवणाची उत्तरं ती स्वतः तपासू शकेल. लेखन आणि संभाषण कोणातरी जाणत्या माणसाकडूनच तपासून घ्यावं लागेल. तिचा पैसा खर्च व्हायचाच असेल तर तो तिथे व्हावा : आठवड्यातून एकदा शिक्षकासमोर बसून, रुग्णाला काय होतंय ते विचारायचं, डॉक्टरला सांगायचं, आणि चुकलेलं वाक्य तिथल्या तिथे स्वतःच्या तोंडाने नीट करायचं.